जमेला स्कॉट, नावे इंग्रज

मनामात आमच्या कंपनीचा म्हातारा सर्व्हेअर,
टॉर्किल गिलेस्पी,
गाव ॲबरडीनच्याही वर, जिथे म्हणे
मेंढ्या माणसांना नावानिशी ओळखतात.
मी हिशेबनीस, गाव देवरुख.
एकोणीस वर्षं त्याची प्रवासबिलं तपासतोय,
कधी एक फिल्स जास्त निघाला नाही.
कमी निघाला, की तो स्वतः जिना चढून वर येतो.

संध्याकाळी धक्क्याजवळ करक चहा.
पैसे द्यायची वेळ आली की दोघंही
बुटाची नाडी बांधायला वाकतो.
माझ्या बुटांना नाडी नाही,
त्यामुळे बहुतेक वेळा मीच हरतो.

चहा पोटात गेला की त्याचं सुरू होतं :
हा धक्का? स्कॉटाने बांधला.
ती जुनी आगबोट कंपनी? ग्लासगोची पोरं.
आखाताचा तळ दोरी सोडून वाव-वाव मोजला,
तो? आमचाच, उन्हाने नाक सोललेला.
समुद्राखालची तार, बंदरातला दवाखाना, पहिलं बर्फाचं यंत्र...
"आणि मोती तोलायचा तराजू?"
"तराजू अरबांचा. भाव पाडणारा आमचा."

मग मी हळूच विचारतो,
"आणि तोफा डागून ती किनाऱ्यावरची गावं जाळली, ती?"
"ते इंग्रज," तो म्हणतो, कप न हलवता.
"हुकमावर सही कुणाची होती?"
जरा वेळ तो समुद्राकडे बघतो.
"सही स्कॉटाची असेलही.
शाई इंग्रजांची होती."

एकदा मला गोऱ्यांच्या जुन्या कबरस्तानात घेऊन गेला.
ओळीने दगड. हा मॅक, तो मॅक,
वय एकवीस, ताप. वय चोवीस, ऊन.
वय एकोणीस, पुन्हा ताप.
"इंग्रज कुठे आहेत?" मी विचारलं.
"ते पेन्शन घेऊन घरी गेले."
मग टोपी काढून, जरा खालच्या आवाजात,
"जमीन जहागीरदाराची, घर थोरल्याचं.
धाकट्याने जायचं कुठे?"
हे वाक्य मी देवरुखच्या एस.टी. स्टँडवर
सख्ख्या काकाच्या तोंडून ऐकलं होतं.
पण काकाने जाताना कुणाचं राज्य नेलं नव्हतं,
नुसती ट्रंक नेली होती.

संत अँड्र्यूच्या रात्री क्लबात
गिलेस्पी चौकड्यांचा घागरा नेसून आला
(घागरा म्हटलं की चिडतो, म्हणून मुद्दाम म्हणतो).
जेवणाला मेंढीच्या पोटात भरलेली वजडी,
वर भाषण, त्यावर आणखी एक भाषण.
मग बगलेत पिशवी दाबून त्याने बॅगपाइप फुंकला
आणि पार्किंगमधली मांजरं गेली.
तेवढ्यात दारावरचा रखवालदार मुबारक फैरूज
आपल्या खोलीतून बकरीच्या कातड्याचा हब्बान घेऊन आला
आणि असा वाजवला, की वेटरसुद्धा ट्रे ठेवून नाचले.
गिलेस्पीचे डोळे भरून आले. "बघ! हेही आम्हीच आणलं ना तुमच्याकडे?"
"नाही साहेब," मुबारक म्हणाला,
"हे आजोबांनी आणलं. बकरीकडून."

दुसऱ्या दिवशी चहाला मी त्याला जाम छेडलं :
सगळं बरं ते तुमचं, वाईट ते शेजाऱ्याचं!
तोच बुकिंगमधला निर्माल्य घटक येऊन बसला.
मी भरात होतो. म्हटलं,
"आम्हीसुद्धा अटकेपार झेंडे लावलेत, पण असं..."
घटकने चहात बिस्कीट बुडवलं.
"हो का? आणि आमच्या बंगालात चौथाईसाठी
गावंच्या गावं कुणी लुटली?
आजी आम्हाला तुमच्या घोडेस्वारांची भीती घालून झोपवायची."

"ते," मी म्हणालो,
अजिबात न अडखळता,
"ते नागपूरकर."

गिलेस्पी इतका हसला, इतका हसला,
की बुटाकडे न वाकता
तिघांच्या चहाचे पैसे त्याने देऊन टाकले.

पावती मी जपून ठेवली आहे.
ऑडिटला कुणी विश्वास ठेवणार नाही.